रुग्णाचे पुढे काय झाले? : डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांची गोष्ट

बॉस्टनच्या बीकन हिल भागात पिंकनी स्ट्रीट नावाचा एक अरुंद, चढणीचा रस्ता आहे. विटांच्या जुन्या घरांच्या रांगेत तेथे १५ क्रमांकाचे घर आहे. १९११ साली या घरात बारा खाटांचे एक खासगी रुग्णालय सुरू झाले. शहरात त्याहून मोठी आणि नावाजलेली रुग्णालये होती. जगात पहिल्यांदा ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया जेथे झाली ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल तर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर होते. तरीही वैद्यकाच्या इतिहासात या छोट्या रुग्णालयाला मानाची जागा मिळाली आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नावाने एक कार्ड तयार होत असे. त्यावर दुखणे काय, निदान काय, शस्त्रक्रिया कोणती, नंतर कोणती गुंतागुंत उद्भवली आणि घरी जाताना प्रकृती कशी होती, हे सारे लिहिले जाई. त्यानंतर दरवर्षी तेच कार्ड बाहेर काढून रुग्णाची पुन्हा चौकशी होई. परिणाम चांगला नसेल, तर तो का नाही, हेही त्याच कार्डावर नोंदवायचे असे. चूक शल्यविशारदाची असेल तर तीही.

या रुग्णालयाचे मालक आणि शल्यविशारद होते डॉ. अर्नेस्ट एमरी कॉडमन. पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेत त्यांच्या हातून पित्त वाहून नेणारी नलिकाच बांधली गेली. पित्ताशय आणि पित्तनलिका यांची रचना माणसामाणसात थोडी वेगळी असते. सूज असली की ती ओळखणे आणखी अवघड होते. नलिका बंद झाली की पित्त आतड्यात उतरू शकत नाही, कावीळ वाढत जाते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते. आजही शल्यविशारदांना सर्वाधिक धाक असलेल्या चुकांपैकी ही एक आहे. कॉडमन यांनी ती लपवली नाही. आपल्या कौशल्यातील ही अत्यंत ढोबळ चूक होती आणि शस्त्रक्रिया चालू असताना आपल्याला ती कळलीसुद्धा नाही, अशी स्पष्ट कबुली त्यांनी दिली. पुढे ती छापली आणि स्वतःच्या खर्चाने देशभर वाटली. तसे करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीही केलेली नव्हती.

या कबुलीचे मोल कळण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. १८४६ मध्ये भूल आली, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली आणि शतकानुशतके बंद असलेले पोटाचे दार उघडले. १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. १८८२ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पित्ताशय काढले. १८८६ मध्ये बॉस्टनच्याच रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्सच्या दाहाचे नेमके वर्णन करून तो वेळीच काढण्याचा मार्ग दाखवला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पोटावरील शस्त्रक्रियांचा पूर आला. प्रतिजैविके अजून यायची होती. पोटात पू होणे, आतड्याचा जोड सुटणे, आतडी एकमेकांना चिकटणे, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, महिन्यांनंतर जखमेच्या जागी हर्निया होणे, अशी संकटे पाठोपाठ येत. परंतु रुग्णालयांच्या वार्षिक अहवालात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खर्च झाला याचेच आकडे असत. रुग्ण बरा होऊन किंवा आराम पडून घरी गेला, एवढी नोंद झाली की वही मिटली जाई. सहा महिन्यांनी तो जेवू शकत होता का, कामावर परतला होता का, जिवंत तरी होता का, हे विचारण्याची रीत नव्हती.

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी बॉस्टनमध्ये, शहरातील जुन्या प्रतिष्ठित घराण्यांपैकी एकात झाला. सेंट मार्क्स स्कूल, हार्वर्ड कॉलेज आणि १८९५ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल, असे त्या वर्गातील मुलाला साजेसे त्यांचे शिक्षण झाले. शिकारीचा आणि मासेमारीचा त्यांना नाद होता. पण त्या नादातही हिशेब होता: किती काडतुसे उडाली आणि किती पक्षी पडले, याची ते नोंद ठेवत. नेम चुकला की चुकला असे लिहायचे, ही सवय पुढे त्यांच्याबरोबर शस्त्रक्रियागृहात गेली.

विद्यार्थिदशेत त्यांच्या वर्गात हार्वे कुशिंग होते, जे पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून जगभर ओळखले गेले. त्या काळी ईथरची भूल देण्याचे जोखमीचे काम बऱ्याचदा अननुभवी विद्यार्थ्यांवरच सोपवले जाई. आपल्यापैकी अधिक चांगली भूल कोण देतो, यावर या दोघांनी जेवणाची पैज लावली. पण चांगली भूल म्हणजे काय, हे ठरवायचे तर मोजमाप हवे. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक अंतराने कागदावर टिपायला सुरुवात केली. भूलतज्ज्ञ आज जो तक्ता भरतात, त्याचे मूळ या दोन मित्रांच्या पैजेत आहे.

पुढच्याच वर्षी क्ष-किरणांचा शोध लागला आणि कॉडमन त्यात रमले. १८९९ मध्ये बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात क्ष-किरण छायाचित्रकार म्हणून त्यांची पहिलीच नेमणूक झाली. त्याच वर्षी कॅथरीन बॉडिच यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नव्या किरणांचे गुणगान सगळीकडे चालू असताना, १९०२ मध्ये कॉडमन यांनी क्ष-किरणांमुळे भाजल्याच्या तोवर नोंद झालेल्या घटना एकत्र करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराने भले किती झाले याबरोबर इजा किती झाली हेही मोजले पाहिजे, ही त्यांची वृत्ती तेव्हाच दिसून आली होती.

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये शल्यविशारद म्हणून काम करताना त्यांचे लक्ष पोटाच्या विकारांकडे वळले. जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम. त्यात होणारा अल्सर आणि तेथे येणारा अडथळा यांवर त्यांनी १९०८ आणि १९०९ मध्ये लेख लिहिले. अल्सरवर औषध नव्हते. शस्त्रक्रिया हाच धाडसी उपाय होता आणि त्याच्या नाना पद्धती निघाल्या होत्या. प्रत्येक शल्यविशारदाला आपलीच पद्धत उत्तम वाटे. त्यातली खरोखर कोणती उत्तम, याचा निकाल लावायचा तर प्रत्येक रुग्णाचा माग वर्षभर तरी काढायला हवा होता आणि तो कोणीच काढत नव्हते. येथून कॉडमन यांना आयुष्यभराचा विषय मिळाला. त्यांनी त्याला अंतिम परिणामाची कल्पना असे नाव दिले. उपचार केलेल्या प्रत्येक रुग्णाचा, उपचार फळाला आले की नाही हे कळेपर्यंत पाठपुरावा करावा. फळाला आले नसतील तर का नाही हे शोधावे. आणि तसे अपयश पुन्हा येणार नाही अशी तजवीज करावी, इतकाच तिचा सारांश होता.

१९१० च्या उन्हाळ्यात कॉडमन इंग्लंडला गेले होते. फ्रिमली येथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम पाहून लंडनला परतल्यावर घोडागाडीत त्यांच्यासोबत फिलाडेल्फियाचे शल्यविशारद एडवर्ड मार्टिन होते. प्रवासात कॉडमन यांनी आपली कल्पना त्यांना समजावून सांगितली. शल्यविशारदांची एक राष्ट्रीय संस्था असावी हा विचार मार्टिन यांच्या मनात होता. अशी संस्था झाली तर रुग्णालयांना परिणाम मोजायला लावता येईल, असे दोघांना वाटले. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स स्थापन झाले आणि रुग्णालयांचे प्रमाणीकरण करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद कॉडमन यांच्याकडे आले.

पिंकनी स्ट्रीटवरील रुग्णालय त्याआधीच सुरू झाले होते. लोकांना सांगण्यापूर्वी स्वतः करून दाखवावे, हा त्यामागचा हेतू होता. तेथील नोंदींचा कणा म्हणजे चुकांची वर्गवारी. परिणाम बिघडला तर कॉडमन त्याचे कारण ठरावीक खान्यांत टाकत: ज्ञान किंवा हस्तकौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, काळजी किंवा साधने अपुरी पडली, निदान चुकले. रुग्णाचा आजारच आवाक्याबाहेरचा होता किंवा रुग्णाने उपचार नाकारले, यांसाठी वेगळे खाने होते. ज्यावर शल्यविशारदाचा काहीच ताबा चालत नाही अशा आपत्तींचा खाना त्यांनी निराळा ठेवला होता; पण तोही लिहून दाखवायचा असे. अंगावर आलेले दैवावर ढकलायला या पद्धतीत जागा उरत नव्हती. शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया झाला, जखम चिघळली, टाके सुटले, तर त्याची नोंद होई आणि तिच्यापुढे कारणही लिहावे लागे.

पहिल्या पाच वर्षांत, म्हणजे १९११ ते १९१६ या काळात, या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत कॉडमन यांनी १२३ चुका मोजल्या. रुग्णालयाच्या कार्यक्षमतेचा अभ्यास असे शीर्षक देऊन त्यांनी हा सारा लेखाजोखा पुस्तकरूपाने छापला. त्यात एकामागून एक रुग्णांच्या हकिगती आहेत आणि त्यांतल्या कित्येकींच्या शेवटी लेखकाने स्वतःलाच दोषी ठरवले आहे. वकील आपल्याच विरुद्धचे पुरावे गोळा करून न्यायालयात मांडतो आहे, असे ते पुस्तक वाचताना वाटते.

स्वतःपुरते हे सारे चालले असते, तर लोकांनी त्यांना विक्षिप्त म्हणून सोडून दिले असते. पण कॉडमन इतरांकडे वळले. १९१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकांसमोर बोलताना त्यांनी विचारले की रुग्णालय नेमके काय निर्माण करते. कारखान्याला आपला माल कसा निघतो हे ठाऊक असते. रुग्णालयाचा माल म्हणजे बरे झालेले रुग्ण, शिकून तयार झालेले विद्यार्थी आणि नवे ज्ञान. त्याची मोजदाद होत नसेल, तर देणगीदारांचा पैसा कशासाठी खर्च होतो, असा तो रोखठोक सवाल होता.

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये बढती सेवाज्येष्ठतेने मिळे. कोणाच्या हातून कोणती शस्त्रक्रिया चांगली होते, याचा त्या क्रमाशी संबंध नव्हता. ज्याला एखाद्या शस्त्रक्रियेत गती आहे त्याच्याकडे ते रुग्ण सोपवावेत आणि पदे परिणाम पाहून द्यावीत, अशी कॉडमन यांची मागणी होती. ती मान्य होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी त्याच रुग्णालयाकडे मुख्य शल्यविशारदाचे पद मागितले. आपले परिणाम इतरांपेक्षा चांगले आहेत, हा त्यांचा दावा होता. तो खोडायचा तर इतरांना आपापले परिणाम मांडावे लागले असते. अर्जाचा खरा उद्देश तोच होता. अर्थात पद मिळाले नाही.

६ जानेवारी १९१५ च्या सायंकाळी बॉस्टन मेडिकल लायब्ररीत जिल्हा वैद्यक संस्थेच्या शल्य विभागाची सभा भरली. अध्यक्षस्थानी कॉडमन होते आणि विषय रुग्णालयांची कार्यक्षमता हा होता. बोलण्यासाठी त्यांनी शहराचे महापौर जेम्स कर्ली आणि कारखान्यांतील कामाच्या हालचालींचा अभ्यास करणारे फ्रँक गिलब्रेथ यांच्यासारख्या मंडळींना बोलावले होते. सभेच्या अखेरीस कॉडमन यांनी एका मोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा दूर केला. चित्रात वाळूत डोके खुपसलेला एक शहामृग होता. तो म्हणजे शहरातील बॅक बे या श्रीमंत वस्तीतील लोक. डोके खाली घालून तो सोन्याची अंडी मागे लाथाडत होता आणि वैद्यकशाळेचे डॉक्टर ती वेचत होते. विश्वस्त विचारात पडले होते की खरे परिणाम लोकांना कळले तर अंडी मिळत राहतील का. हार्वर्डचे अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लोवेलही चित्रात होते. वैद्यकाच्या अध्यापकांना सत्य सांगून पोट भरता येईल का, या चिंतेत ते उभे होते.

सभेत गदारोळ उडाला. वृत्तपत्रांनी बातमी उचलली. अनेक वर्षांचे मित्र रस्त्यात भेटले तरी बोलेनासे झाले. संस्थेने कॉडमन यांना अध्यक्षपदाचा राजीनामा द्यायला लावला, हार्वर्डमधील त्यांची अध्यापकाची जागा गेली आणि शल्यविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेतील समितीच्या अध्यक्षपदापासूनही ते दुरावले. डॉक्टरकीचा धंदा तेव्हा बराचसा एकमेकांकडे रुग्ण पाठवण्यावर चाले. साहजिकच त्यांच्याकडे येणारे रुग्ण आटले आणि रुग्णालय तोट्यात गेले.

या प्रसंगात कॉडमन यांचा दोष नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यांची जीभ तिखट होती आणि माणसे जोडण्याची कला त्यांना साधली नव्हती. शास्त्रीय अंगानेही त्यांच्या पद्धतीत उणीव होती. एका छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांवरून शल्यविशारदांची तुलना करता येत नाही. सत्तर वर्षांचा, मधुमेह असलेला रुग्ण आणि पंचविशीतला धडधाकट तरुण यांच्या पोटावर एकच शस्त्रक्रिया झाली, तरी त्यांचा धोका सारखा नसतो. तो धोका हिशेबात घेण्याचे संख्याशास्त्र तेव्हा तयार झालेले नव्हते. अवघड रुग्ण स्वीकारणाऱ्या शल्यविशारदावर अशा मोजणीत अन्याय होईल, ही सहकाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु त्यांनी पद्धत सुधारण्याचा आग्रह धरला नाही, मोजणीच टाळली. कॉडमन यांचा राग त्यावर होता.

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. मदतीसाठी धावून गेलेल्या बॉस्टनच्या डॉक्टरांत कॉडमन होते. त्यानंतर ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले आणि पिंकनी स्ट्रीटवरील रुग्णालय कायमचे बंद झाले. युद्ध संपल्यावर परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कर्ज होते.

इकडे शल्यविशारदांच्या संस्थेने रुग्णालयांची तपासणी सुरू केली होती. शंभर किंवा त्याहून अधिक खाटांची ६९२ रुग्णालये पाहिली गेली. मागणी तशी माफकच होती: डॉक्टरांची संघटित व्यवस्था, रुग्णांच्या नीट नोंदी, प्रयोगशाळा, क्ष-किरण यंत्र, कामाचा नियमित आढावा. त्या कसोटीला फक्त ८९ रुग्णालये उतरली. नापास झालेल्यांत देशातील काही अतिशय नामवंत रुग्णालये होती. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात संस्थेची बैठक असताना, यादी पत्रकारांच्या हाती लागू नये म्हणून ती रात्री हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. ८९ हा आकडा जाहीर झाला, नावे मात्र राख झाली. चार वर्षांपूर्वीच्या व्यंगचित्राला याहून मोठी पुष्टी मिळणे शक्य नव्हते.

कॉडमन यांनी आपला विषय सोडला नाही. त्याची व्याप्ती तेवढी आवरती घेतली. १९२० मध्ये त्यांनी हाडांच्या सार्कोमा या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. हा रोग इतका विरळा की एका शल्यविशारदाच्या वाट्याला मोजकेच रुग्ण येत. म्हणून देशभरातील शल्यविशारदांना पत्रे लिहून त्यांच्याकडील रुग्णांची माहिती, क्ष-किरण चित्रे आणि पेशींचे नमुने मागवले गेले आणि रुग्णांचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा करण्यात आला. एखाद्या रोगाची देशव्यापी नोंदवही अमेरिकेत प्रथमच होत होती. आज कर्करोगाच्या नोंदवह्या जगभर आहेत. हाडाच्या गाठीजवळ क्ष-किरणांत दिसणाऱ्या एका त्रिकोणाला कॉडमन यांचे नाव आहे आणि वैद्यकाचे विद्यार्थी ते आजही पाठ करतात.

१९३४ मध्ये त्यांनी खांद्याच्या विकारांवरील मोठा ग्रंथ स्वतःच्या खर्चाने छापला. फ्रोझन शोल्डर हा शब्दप्रयोग वैद्यकात त्यांनीच रूढ केला. खांदा आखडल्यावर पुढे वाकून हात लंबकासारखा हलवण्याचा जो व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, तोही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली जीवनकथा लिहिली आणि आपल्या अपयशाचा हिशेबही मांडला. आपली कल्पना आपल्या हयातीत रुजणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. ती पुढे रुजेल याविषयी मात्र त्यांना शंका नव्हती. २३ नोव्हेंबर १९४० रोजी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत, पत्नीच्या माहेरच्या बॉडिच कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. त्यावर नावाचा दगड नव्हता.

पुढे काळाने कूस बदलली. रुग्णालयांची तपासणी करणारी जॉइंट कमिशन ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे मूळ कॉडमन यांच्या समितीपर्यंत जाते. १९८० च्या दशकात माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रियांबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने त्या रुग्णालयांना मृत्यूंचे प्रमाण धोक्याचा हिशेब धरून मांडायला सांगितले. बॉस्टनचेच हृदयशल्यविशारद शुक्री खुरी यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. प्रशिक्षित परिचारिका प्रत्येक निवडलेल्या रुग्णाचा तीस दिवस माग काढू लागल्या: जखमेत पू झाला का, न्यूमोनिया झाला का, पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले का. रुग्णाचे वय आणि आजार यांचा वेगळा हिशेब होऊ लागल्याने, कॉडमन यांच्या काळात अडलेला पेच सुटला. सुमारे दहा वर्षांत या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू २७ टक्क्यांनी आणि गुंतागुंती ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. २००४ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने हा कार्यक्रम खासगी रुग्णालयांसाठी खुला केला. त्याच वर्षी शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींची पाच श्रेणींची क्लाविएन-डिंडो वर्गवारी प्रसिद्ध झाली. नुसत्या निरीक्षणापासून मृत्यूपर्यंतच्या पायऱ्या ठरल्यामुळे जगभरचे शल्यविशारद एकाच मापाने बोलू लागले.

मोजणी सुरू झाल्यावर कॉडमन यांचे तर्क एकेक करून खरे ठरले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेडिकेअर रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की स्वादुपिंडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया जेथे फारच क्वचित होते अशा रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते. जेथे ती वारंवार होते तेथे ३.८ टक्के. ज्याला ज्या शस्त्रक्रियेत गती आहे त्याच्याकडे ते रुग्ण सोपवा, ही १९१४ मधील मागणी हेच तर सांगत होती. २००९ मधील आणखी एका अभ्यासाने वेगळीच बाजू पुढे आणली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतींचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे अनुक्रमे २६.९ आणि २४.६ टक्के होते. मृत्यू मात्र ३.५ आणि ६.९ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. आतड्याचा जोड कोठेही सुटू शकतो. तो सुटल्याचे किती लवकर ओळखले जाते आणि त्यानंतर रुग्णाला सावरायला किती हात तत्पर असतात, यावर जगणे-मरणे ठरते.

याच बॉस्टन शहरात पुढे मराठी मुळाच्या एका शल्यविशारदाने हे सूत्र आणखी पुढे नेले. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावाहून अमेरिकेत आलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचे चिरंजीव अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादी तयार झाली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. कागदाचा एक साधा तुकडा आणि त्यावर प्रामाणिकपणे केलेल्या खुणा, हे साधन कॉडमन यांनी पाहिले असते तर त्यांना ते ओळखीचे वाटले असते.

तरीही त्यांचे सारे मागणे पुरे झाले असे नाही. रुग्णालये आज आपले परिणाम मोजतात, एकमेकांशी ताडून पाहतात आणि सुधारतात. पण त्या आकड्यांचा बराच मोठा भाग रुग्णापर्यंत पोहोचत नाही. भारतात तर एखाद्या रुग्णालयात पित्ताशयाच्या किंवा आतड्याच्या किती शस्त्रक्रिया होतात आणि त्यांतले किती रुग्ण महिन्याभरात परत दाखल होतात, हे सामान्य माणसाला सहसा कळत नाही. पुण्यात किंवा नागपुरात आईवडिलांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरते आणि सातासमुद्रापलीकडचा मुलगा किंवा मुलगी फोनवर ओळखीच्या डॉक्टरांची नावे गोळा करू लागते, तेव्हा निर्णय बहुधा कीर्तीवर आणि शिफारशीवर होतो. आपण ही शस्त्रक्रिया वर्षाला किती वेळा करता, त्या रुग्णांचे पुढे काय झाले आणि गुंतागुंत झाली तर रात्री कोण पाहते, असे प्रश्न विचारणे आजही अनेकांना उद्धटपणाचे वाटते. ते प्रश्न रुग्णांनी विचारावेत, हाच तर कॉडमन यांचा आग्रह होता.

जॉइंट कमिशनने १९९६ मध्ये त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. माउंट ऑबर्नमधील जागा मात्र आणखी बरीच वर्षे खुणेविना राहिली. अखेर २०१४ च्या जुलै महिन्यात शल्यविशारदांच्या संस्था आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांनी मिळून तेथे त्यांच्या नावाचा दगड उभा केला. ज्या रुग्णालयाचा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता, त्याच रुग्णालयाचे शल्यविशारद त्या दिवशी त्यांच्या स्मृतीला वंदन करायला आले होते.